गळती किती, कुठून आणि कशाच्या तुलनेत? : विमानाच्या सिलिंडरची तब्येत तपासण्याचा छोटा इतिहास

रोटॅक्स ९१२ जातीचं इंजिन बसवलेल्या छोट्या विमानाचा पायलट सकाळी उड्डाणाआधी काय करतो, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला जरा गंमत वाटते. इग्निशन बंद असल्याची तो दोनदा खात्री करतो, तेलाच्या टाकीचं झाकण उघडतो आणि पुढचा पंखा हाताने सावकाश फिरवायला लागतो. मध्येच हाताला जोर लागतो. तिथे तो पंखा क्षणभर तसाच दाबून धरतो, मग पुढे ढकलतो. असं बराच वेळ चालतं आणि अचानक टाकीतून ‘गुडगुड’ असा आवाज येतो. मग तो डिपस्टिक घालून तेलाची पातळी बघतो. पायलट मंडळी याला इंजिनाला ‘ढेकर काढायला लावणं’ म्हणतात, आणि शब्द अगदी चपखल आहे.

या ढेकरामागे काय आहे हे शोधताना मी इतिहासात बरीच मागे गेले. सापडलेली गोष्ट संशोधन सुरू करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाची वाटली, म्हणून आजचा लेख. विषय इंजिनाचा असला तरी प्रश्न मोजमापाचा आहे : जे उघडून बघता येत नाही त्याची तब्येत बाहेरून कशी ठरवायची?

आधी ढेकराचा हिशोब

साध्या गाडीच्या इंजिनात तेल इंजिनाच्याच तळाशी, म्हणजे संपमध्ये साठतं. ‘ड्राय संप’ इंजिनात तेलाची टाकी वेगळी असते. पंप टाकीतून तेल घेऊन इंजिनात फिरवतो आणि वापरून खाली आलेलं तेल परत टाकीत जातं. अशा बहुतेक इंजिनांत ते परत ओढायला दुसरा पंप असतो. रोटॅक्स ९१२ मध्ये तो नाही. मग तेल टाकीत चढतं कसं?

उत्तर वाचून मी थबकले. पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून थोडासा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये निसटत असतो. याला ‘ब्लो-बाय’ म्हणतात, आणि साधारणपणे ही इंजिनाची उणीवच समजली जाते. रोटॅक्सच्या अभियंत्यांनी त्याच निसटलेल्या वायूच्या दाबाने तेल टाकीकडे ढकलायचं ठरवलं. म्हणजे या इंजिनात गळती कामाला लावलेली आहे.

रात्रभर विमान उभं राहिलं की काही तेल खाली उतरून क्रँककेसमध्ये राहतं. सकाळी थेट डिपस्टिक घातली तर टाकीतली पातळी खोटी, कमी दिसते. म्हणून पंखा फिरवायचा. दाब तयार झाला की काही सेकंद धरायचा, म्हणजे वायू रिंगांवाटे खाली जाईल. साचलेलं तेल टाकीत गेलं की त्यामागून वायू येतो, तोच ढेकर. इथे वेगाला महत्त्व नाही, वायू किती खाली गेला याला आहे. आणि पंखा फक्त इंजिनाच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवायचा. उलटा फिरवला तर तेलाच्या वाटेत हवा शिरू शकते.

हाताला काय कळतं

या फिरवण्यात आणखी एक तपासणी होऊन जाते. प्रत्येक सिलिंडर दाबाच्या टप्प्यावर आला की हाताला ‘उंचवटा’ जाणवतो. चारही उंचवटे सारखे लागले तर ठीक, एखादा मऊ लागला तर त्या सिलिंडरमधून वायू पळतोय. निर्मात्याच्या सूचनांतही उड्डाणाआधी पंखा हाताने फिरवून विचित्र आवाज, जास्तीचा अडथळा आणि नेहमीचं कॉम्प्रेशन यांकडे लक्ष द्यायला सांगितलेलं आहे.

मात्र मऊ लागलेला उंचवटा कुठल्या सिलिंडरचा, हे ओळखायला थोडं गणित लागतं. पंखा थेट क्रँकशाफ्टवर बसवलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनात पंख्याच्या एका फेरीत दोन उंचवटे येतात आणि तोच सिलिंडर बरोबर दोन फेऱ्यांनी परत येतो. रोटॅक्समध्ये मध्ये गिअर आहे. १०० अश्वशक्तीच्या मॉडेलमध्ये त्याचं गुणोत्तर २.४३, म्हणजे पंख्याच्या एका फेरीत क्रँकशाफ्टच्या २.४३ फेऱ्या. त्यामुळे १८० अंशांवरचे उंचवटे पंख्यावर सुमारे ७४ अंशांवर येतात. मऊ सिलिंडर दर वेळी पात्याच्या वेगळ्याच जागी भेटतो. ‘हे पातं इथे आलं की मऊ लागतं’ अशी खूण ठेवणारा इथे फसतो. दर चौथा उंचवटा एकाच सिलिंडरचा, एवढंच खरं.

हाताने पंखा फिरवण्याची ही रीत रोटॅक्सपेक्षा फार जुनी आहे. रेडियल इंजिनात सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले असतात, त्यामुळे काही सिलिंडर उलटे, खालच्या बाजूला येतात. ही इंजिनंही बहुधा ड्राय संपचीच, कारण तळाशी तेल साठवायला जागाच नाही. विमान उभं असताना तेल पाझरून खालच्या सिलिंडरमध्ये साचतं. तेल दाबलं जात नाही. तसंच स्टार्ट केलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवून बघायचा. अडला तर जोर करायचा नाही, खालच्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढून तेल वाहू द्यायचं.

हाताची ही तपासणी स्वस्त आहे, रोजची आहे आणि तिने अनेक इंजिनं वाचवली आहेत. पण तिची नोंद ठेवता येत नाही. आज ‘बरा’ लागलेला उंचवटा महिन्यापूर्वी कसा होता, हे हात सांगू शकत नाही. तुमचा हात आणि माझा हात तर वेगळेच.

प्रयोगशाळेची वाट : वॉट ते फार्नबरो

सिलिंडरच्या आतला दाब कागदावर उतरवण्याची कल्पना विमानांपेक्षा शंभरावर वर्षांनी जुनी आहे. १७९० च्या दशकात जेम्स वॉट यांच्याकडे वाफेच्या इंजिनाचा दाब दाखवणारा ‘इंडिकेटर’ होता. त्यांचे सहकारी जॉन सदर्न यांनी १७९६ च्या सुमारास त्याला सरकणारी पाटी आणि पेन्सिल जोडली. पिस्टन हलला की पाटी सरकते, दाब बदलला की पेन्सिल वरखाली होते, आणि कागदावर एक बंद आकृती तयार होते. त्या आकृतीच्या क्षेत्रफळावरून इंजिनाने केलेलं काम कळतं. व्हॉल्व्ह उशिरा उघडतोय किंवा कुठे गळतंय, हेही तिच्या आकारावरून ओळखता येतं. बोल्टन आणि वॉट यांच्या कंपनीने ही युक्ती कित्येक वर्षं गुप्त ठेवली होती. १८३४ साली क्लापेरॉं यांनी कार्नो यांचे विचार मांडताना दाब आणि आकारमानाची आकृती वापरली. आपण थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्याच प्रकरणात जो पी-व्ही आलेख काढतो, त्याचं मूळ कारखान्यातल्या या तपासणीशी जोडलेलं आहे. मला बीएस्सीला हे कुणी सांगितलं असतं तर तो आलेख इतका कोरडा वाटला नसता.

पेट्रोल इंजिन आलं आणि ही पेन्सिल हरली. वाफेचं इंजिन संथ होतं. वेगवान इंजिनात पेन्सिल आणि तिचा दांडा स्वतःच्या वजनामुळे थरथरायला लागतात, आणि कागदावर इंजिनाऐवजी उपकरणाचीच आकृती उमटते.

यावर १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या फार्नबरो इथल्या विमान संशोधन संस्थेत सुंदर तोडगा निघाला. सिलिंडरला एक हलकी चकती बसवली. तिच्या एका बाजूला सिलिंडरचा दाब, दुसऱ्या बाजूला बाहेरून दिलेला, आपल्याला माहीत असलेला दाब. दोन्ही समान होतात त्या क्षणी चकती हलते, ठिणगी पडते आणि क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या कागदावर एक भोक पडतं. बाहेरचा दाब हळूहळू बदलत नेला की शेकडो चक्रांतले असे ठिपके मिळून पूर्ण आलेख तयार होतो. वेगाने बदलणारी राशी थेट मोजायला जाऊ नका, तिची माहीत असलेल्या राशीशी तुलना करा. ही कल्पना लक्षात ठेवा, पुढे परत लागेल.

पण हे सगळं प्रयोगशाळेसाठी. धावपट्टीशेजारच्या शेडमध्ये, पाना हातात घेतलेल्या माणसाला याचा काय उपयोग?

शेडमधली वाट : दोन गेज आणि एक छिद्र

मेकॅनिकचं पहिलं साधन साधं होतं. स्पार्क प्लगच्या जागी दाबाचं गेज लावायचं आणि स्टार्टरने इंजिन फिरवायचं. पण तो आकडा बॅटरी किती जोरात आहे, थ्रॉटल किती उघडा आहे, इंजिन गरम की थंड, यांवर हेलकावे खातो. सिलिंडरमध्ये काजळी साचली असेल तर आतली जागा कमी होऊन दाब उलट जास्तच दिसतो. म्हणजे आजारी सिलिंडर धडधाकट वाटतो.

विमानांच्या देखभालीत म्हणून डिफरन्शियल, म्हणजे फरकाची चाचणी रुळली. तिच्यात इंजिन फिरवत नाहीत. इंजिन गरम असतानाच पिस्टन दाबाच्या टप्प्यावर सर्वांत वर आणतात, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. मग स्पार्क प्लगच्या भोकातून ठरलेल्या दाबाची हवा सोडतात. वाटेत एक बारीक छिद्र असतं आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे एकेक गेज. सिलिंडर गळत नसेल तर दोन्ही गेज सारखी. गळत असेल तर पलीकडचं गेज खाली.

अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेच्या मार्गदर्शक पुस्तिकेत, १९९८ च्या आवृत्तीत, याची मापं दिली आहेत. पुरवठ्याचा दाब ८० पीएसआय. ५ इंचांपेक्षा कमी बोअरच्या सिलिंडरसाठी छिद्राचा व्यास ०.०४० इंच, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. ५ इंच आणि त्याहून मोठ्या बोअरसाठी ०.०६० इंच. २५ टक्के घट ही मर्यादा, म्हणजे ८० पैकी ६०. रोटॅक्सचा दाब ६ बार, पण मर्यादा तीच २५ टक्के, म्हणजे ४.५ बार.

सुरक्षेची एक गोष्ट. ८४ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर ६ बार दाब म्हणजे सुमारे ३४० किलो वजनाएवढा रेटा. पिस्टन अगदी वर नसला तर हा रेटा पंखा झटकन फिरवतो. म्हणून एकाने पंखा घट्ट धरल्याशिवाय ही चाचणी करायची नसते.

‘६०’ म्हणजे काय?

आता आपल्या कामाचा भाग. ८० पैकी ६० हा आकडा नक्की काय सांगतो? मी वहीत हिशोब केला. वायू आदर्श मानला, तापमान सगळीकडे सारखं धरलं आणि दोन्ही वाटांचा प्रवाह-गुणांक एकच घेतला. छिद्रातून जेवढी हवा येते तेवढीच सिलिंडरमधून निसटते, एवढंच समीकरण. उत्तर आलं : गेज ६० दाखवतं तेव्हा सिलिंडरमधल्या सगळ्या फटी मिळून होणारं क्षेत्रफळ त्या छिद्राच्या साधारण १.०६ पट असतं. म्हणजे रिंगा, व्हॉल्व्ह, सगळं मिळून जवळपास एक मिलिमीटरचं एक भोक!

याच हिशोबाने ७० दिसलं तर फट छिद्राच्या ०.७ पट, आणि ४० दिसलं तर १.७ पट. पण खरी गंमत पुढे आहे. तोच सिलिंडर, तीच गळती, फक्त उपकरणातलं छिद्र ०.०४० ऐवजी ०.०६० इंचाचं घ्या. गेज ६० ऐवजी सुमारे ७५ दाखवेल. सिलिंडर तसूभरही सुधारलेला नाही, तरी काठावरचा आता आरामात पास!

म्हणजे ‘६०’ हा सिलिंडरचा गुणधर्म नाही. तो सिलिंडर आणि उपकरण या जोडीचा आकडा आहे. छिद्रात कचरा अडकला किंवा ते झिजलं, तरी आकडा बदलतो.

कॉन्टिनेंटल कंपनीने १९८४ मध्ये या प्रश्नाला हात घातला. त्यांनी ‘मास्टर ऑरिफिस’ आणलं, म्हणजे मुद्दाम बनवलेली, माहीत असलेली गळती. सिलिंडर तपासण्याआधी तुमचं गेज या प्रमाण-गळतीला जोडायचं. त्या दिवशी, त्या जागी, त्या उपकरणावर जो आकडा येईल तीच त्या दिवसाची खालची मर्यादा. ती साधारण चाळीस-पंचेचाळीसच्या घरात येते, ६० च्या बरीच खाली. फार्नबरोची युक्तीच दुसऱ्या वेषात परत आली बघा : अज्ञात गोष्टीची ज्ञात गोष्टीशी तुलना.

आकडा नाही, जागा

मर्यादा इतकी खाली कशी चालते? कारण सूचनेने गळतीचे दोन प्रकार केले. व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग यांची बंदिस्ती स्थिर असते. तिथून हवा निसटता कामा नये, अजिबात नाही. रिंगांची बंदिस्ती मात्र चालत्या इंजिनाची. इंजिन चालू असताना वायूचा दाबच रिंगेला सिलिंडरच्या भिंतीवर दाबून धरतो आणि दाबाचा कळस क्षणभरच टिकतो. थांबलेल्या पिस्टनभोवती रिंगा थोड्या गळणारच. चाचणी स्थिर, इंजिन गतिमान, हा फरक आकडा वाचताना विसरायचा नाही.

म्हणून या चाचणीचं सर्वांत महत्त्वाचं उपकरण गेज नसून कान आहे. हवा सोडल्यावर एक्झॉस्टच्या नळीतून फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. कार्ब्युरेटरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. रोटॅक्समध्ये तेलाच्या टाकीच्या तोंडाशी आली तर रिंगा. कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर हवा कूलंटच्या वाटेत शिरतेय. ६५ दाखवणारा आणि एक्झॉस्टमधून फुसफुसणारा सिलिंडर हा ५८ दाखवून रिंगांतून गळणाऱ्या सिलिंडरपेक्षा जास्त काळजीचा असू शकतो. नुसता आकडा बघणारा इथे उलटा निर्णय घेईल. तो धडधाकट सिलिंडर उतरवेल, आणि प्रत्येक उतरवण्या-चढवण्यात नव्या चुकीची शक्यता असते. दुसरीकडे जळत चाललेला व्हॉल्व्ह आकाशात जाईल.

२००३ मध्ये कॉन्टिनेंटलच्या नव्या सूचनेने दाबाच्या चाचणीला बोअरस्कोपची जोड दिली. स्पार्क प्लगच्या भोकातून नळीसारखी दुर्बीण घालून आत बघायचं. निरोगी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडावरचे रंग मध्याभोवती साधारण गोल, समतोल असतात. एका कडेला वेगळाच रंग चढत असेल तर तिथून गरम वायू निसटतोय. वॉटच्या पेन्सिलीपासून निघालेला इतिहास दोनशे वर्षांनी परत डोळ्यांपाशी आला. फक्त आता हात, कान, गेज आणि डोळा यांची साक्ष एकत्र घेतली जाते.

आपल्या टेबलावर

हे आपल्यापासून फार लांबचं नाही. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजच्या हंसा-३ विमानात रोटॅक्स ९१४ आहे आणि २०२१ मध्ये प्रथम उडालेल्या हंसा-एनजीमध्ये ९१२ चं इंधन-इंजेक्शनवालं रूप. हीच इंजिनं, हीच तपासणी.

माझं स्वतःचं काम निर्वात कक्षात चालतं. पहिल्या वर्षी मी कित्येक आठवडे ‘शून्य गळती’च्या मागे लागले होते. दाब ठरलेल्या आकड्याखाली गेला नाही की सगळे जोड उघडायचे, परत बसवायचे. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने शेवटी विचारलं, “अगं, तुझ्या प्रयोगाला किती गळती चालते, ते काढलंस का?” काढलं नव्हतं. काढलं तेव्हा कळलं की असलेली गळती चालण्यासारखी होती. उघडझाप करून मीच एक सील खराब केलं होतं, खरी अडचण तीच झाली होती.

त्यामुळे तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर कुठलाही आकडा पुढे आला की तीन प्रश्न विचारायची सवय आतापासून लावा. हा आकडा वस्तूचा किती आणि उपकरणाचा किती? ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे अशा वस्तूवर उपकरण आज लावून पाहिलं का? आणि दोष असेल तर तो नक्की कुठे आहे, हे सांगणारी दुसरी साक्ष आहे का? मुलाखतीत ‘तुमच्या मोजमापातली अनिश्चितता किती’ असं विचारतात, तेव्हा त्यांना हेच हवं असतं.

आणि रोटॅक्सच्या त्या ढेकराचीही आठवण ठेवा. रिंगांमधून निसटणारा वायू तिथे तेल टाकीत पोचवतो. गळती पूर्ण बंद झाली तर ते इंजिन नीट चालणारच नाही. म्हणून ‘गळतंय का?’ एवढ्यावर थांबू नका. किती, कुठून आणि कशाच्या तुलनेत, हेही विचारा.